लेकराची बोलायची पाळी येऊ द्या: पहिल्या वर्षात तान्ह्याचं मन कसं घडतं आणि घरानं काय करायचं

"सारखं घेऊ नगं, हाताची सवय लागंल." बाळंतिणीला भेटायला आलेली दर दुसरी बाई एवढं सांगितल्याशिवाय उठत नाही. जालन्यात जा, लातूरला जा की किनवटच्या बाजूला, शब्द थोडे इकडचे तिकडं होतात, सल्ला तोच. मग आईचं असं होतं, की लेकरू रडायला लागलं की ती आधी सासूच्या तोंडाकडं बघते आणि नंतर लेकराकडं.

दोन-चार महिन्यांच्या लेकराला डाव टाकून रडता येत नाही, तेवढी त्याच्या मेंदूची तयारीच नसते. भूक, ओला लंगोट, उकाडा, पोटातला वारा, एकटं वाटणं, सगळं सांगायला त्याच्याकडं रडणं हे एकच साधन असतं. आपण रडलो की कुणीतरी येतं, जवळ घेतं आणि बरं वाटतं, असं शेकडो वेळा घडलं की माणसांवर भरवसा ठेवायला ते शिकतं. जॉन बोल्बी या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञानं १९६९ साली आपल्या ग्रंथमालेच्या पहिल्या खंडात हीच गोष्ट सविस्तर मांडली. त्याच्यासोबत काम केलेली मेरी एन्सवर्थ १९५४-५५ मध्ये युगांडाच्या खेड्यांत आणि पुढं अमेरिकेत बाल्टिमोरला घरोघरी जाऊन आया आणि तान्ही बाळं तासन् तास बघत बसली. पहिल्या काही महिन्यांत रडण्याला लवकर धावून जाणाऱ्या आयांची बाळं वर्षाच्या शेवटाला कमी रडत होती, असं तिनं आणि सिल्व्हिया बेलनं १९७२ मध्ये लिहिलं. त्यावर तज्ज्ञांत वाद झाले. बारीक कुरकुरीला लगेच उचललं नाही तरी चालतं, असंही पुढं काहींना दिसलं. पण जवळ घेतल्यानं तान्हं लेकरू लाडावतं, या म्हणण्याला आधार नाही. तेव्हा घ्या, खुशाल घ्या.

पुढचं सगळं वयाच्या क्रमानं आहे. लेकरू अपुऱ्या दिवसांचं असेल तर वय जन्मापासून न मोजता, बाळंतपणाची जी तारीख दिलेली होती तिथून मोजा. दोन महिने आधी जन्मलेलं लेकरू चार महिन्यांचं झालं, तरी वागण्यात ते दोन महिन्यांचंच असणार.

पहिला दीड महिना: रडण्याचं काय करायचं

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून रडणं वाढत जातं, सहाव्या आठवड्याच्या आसपास सगळ्यात जास्त होतं आणि तीन-चार महिन्यांत उतरतं. बरीच लेकरं नेमकी दिवेलागणीला रडतात. हे ठाऊक नसलं की घरात शोध सुरू होतो: दूध पुरत नाही, दृष्ट लागली, आईनं काहीतरी खाल्लं. दृष्ट काढायची तर काढा. त्यात आजी लेकराला मांडीवर घेते, हळू आवाजात पुटपुटते, खोलीतली गर्दी पांगते. लेकरू शांत होतं यात नवल नाही. फक्त विस्तवावर मिरच्या टाकून त्याचा धूर लेकरापर्यंत जाऊ देऊ नका.

रडणं सुरू झालं की एक क्रम ठेवा. आधी जवळ जाऊन आवाज द्या आणि छातीवर तळवा ठेवा. पुष्कळदा एवढ्यानंच आवाज उतरतो. नाही उतरला तर अंगावर घ्या. मूठ तोंडाकडं नेणं आणि मान वळवून ओठ चाळवणं ही भुकेची खूण रडण्याच्या आधी येते, ती ओळखता आली तर निम्मं रडणं वाचतं. मग लंगोट बघा. मग अंग बघा. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या घरात कुंची, कानटोपरं, दोन लुगड्यांचे वेढे आणि खाली शेगडी असं लेकरू मी बघितलेलं आहे. ते रडेल नाही तर काय करेल? मानेला मागून हात लावून बघा, घाम असेल तर कपडे कमी करा. उन्हाळा असला तरी सहा महिन्यांच्या आत वरचं पाणी द्यायचं नाही, जास्त वेळा पाजायचं.

हे सगळं करूनही रडणं थांबत नसेल तर खांद्यावर घेऊन फिरा. काहीच चालत नाही अशीही वेळ येते. तेव्हा लेकराला सपाट जागी, उताणं, सुरक्षित ठेवून पाच मिनिटं बाहेर जा, तोंडावर पाणी मारा, दुसऱ्याला बोलवा. चिडून लेकराला गदागदा हलवायचं नाही, कधीच नाही. त्यानं मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. आणि झोपावं म्हणून सर्दीचं औषध पाजू नका. ताप, हिरवी उलटी, दूध न ओढणं किंवा रडण्याचा वेगळाच कर्कश सूर असेल तर मात्र दवाखाना गाठा.

लेकरू फार कमी वजनाचं असेल तर डॉक्टरांना विचारून त्याला आईच्या किंवा बापाच्या उघड्या छातीशी बांधून ठेवा. बापाच्या छातीलाही तेवढीच ऊब असते, हे सांगितलं की आपल्याकडं लोक हसतात. हसू द्या.

तेल-पाण्याची वेळ

माझ्या मते मराठवाड्यातल्या घरात लेकराच्या मनासाठी सगळ्यात मोलाची वेळ हीच. तेल खोबऱ्याचं की तिळाचं, हा वाद आपण बाजूला ठेवू. हात कसे चालतात आणि तोंड कसं चालतं, ते बघू.

न्हाऊ घालणारी चांगली बाई कशी असते? पाटावर पाय पसरून बसलेली, दोन महिन्यांची पोर नडग्यांवर आडवी. अंगठा तळपायापासून वर सरकतो. पोर डोळे मोठे करून बाईच्या कपाळावरच्या ठसठशीत कुंकवाकडं बघते, कारण या वयात गडद-फिकं उठून दिसतं तिथंच नजर जाते. बाई म्हणते, "काय गं माय, काय बघायलीस?" आणि हात थांबवते. पोरीचे ओठ गोल होतात, पाय एकदा झटकला जातो, मग बारीकसा हुंकार येतो. "हां? मंग? अजून काय म्हणली आज्जी?" पुन्हा थांबते. पुन्हा हुंकार.

या थांबण्यात सगळं आहे. आपण बोललो, आता लेकराची पाळी. त्याला उत्तर जुळवायला पाच-सात सेकंद लागतात, आणि आपण मोठी माणसं तेवढं थांबत नाही. खुळखुळा वाजवतो, गाल ओढतो, दुसऱ्याच्या हातात देतो. लेकराचं उत्तर येतं तोवर आपण निघून गेलेलो असतो.

"बास आता" हेसुद्धा लेकरू सांगतं, रडायच्या कितीतरी आधी. नजर दुसरीकडं वळवतं, जांभई देतं, उचकी लागते, बोटं फाकवतं, पाठ ताणून मागं रेलतं. यातलं काही दिसलं की हात थांबवा, गप्प राहा, दहा-पंधरा सेकंद काहीच करू नका. ते परत बघायला लागलं की पुढं चालू. नाक दाबून सरळ करणं, डोकं चेपून गोल करणं, नाका-कानात तेल सोडणं हे प्रकार सोडा. लेकरू त्यात जीव तोडून रडत असतं आणि सगळे म्हणतात, "रडू दे, फुप्फुसं मोकळी व्हायलीत." नाही होत. आपण सांगतोय आणि कुणी ऐकत नाही, एवढंच त्यातून त्याला कळतं.

दीड ते सहा महिने: हसणं आणि गप्पा

झोपेत लेकरू हसलं की आपल्याकडं म्हणतात, सटवाई हसवायली. ते हसू कुणासाठी नसतं. सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास मात्र ते तुमचा चेहरा बघून हसायला लागतं, आणि इथून खेळ बदलतो.

रोज दोन-तीन वेळा, लेकरू पोटभर, कोरडं आणि जागं असताना, तोंडासमोर वीतभर-दीडवीत अंतरावर या. ते काढेल तो आवाज तुम्ही काढा आणि थांबा. त्यानं जीभ काढली तर तुम्हीही काढा. पाच मिनिटं पुरे. हातावर बोट टेकवत मोराला बोलवायचा, चिऊ-काऊला घास द्यायचा, पदराआड तोंड लपवून "भ्वॉ" करायचा, असे घरचे खेळ सगळे पाळीचेच आहेत. बाजारातल्या बॅटरीच्या खेळण्याला पाळी कळत नाही. झोळीचंही तसंच. झोपवायला झोळी उत्तम, पण जाग्या लेकराला झोळीत फक्त लुगडं दिसतं. जाग आली की बाहेर काढून वाकळीवर टाका, माणसांच्या नजरेच्या टप्प्यात. झोळीत असताना तोंड-नाक उघडं आहे ना, एवढं येता-जाता बघायचं.

एड ट्रॉनिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९७० च्या दशकात एक साधा प्रयोग केला. आई बाळाशी नेहमीसारखी खेळते, मग दोनेक मिनिटं चेहरा दगडासारखा निर्विकार ठेवते. बाळ आधी हसून बघतं, हात पुढं करतं, आवाज काढतं. काहीच मिळत नाही म्हटल्यावर तोंड फिरवतं, कोसळल्यासारखं होतं, रडतं. आई पुन्हा बोलायला लागली की हळूहळू सावरतं. आता पाजताना मोबाईल बघणाऱ्या आईचा, आणि दुकानावरून येऊन मोबाईल बघणाऱ्या बापाचा चेहरा आठवा. दिवसातून दहा वेळा तोच चेहरा लेकरासमोर असतो.

पण याचा धसका घेऊ नका. याच ट्रॉनिकनं दाखवलं, की चांगल्या जोड्यांतही आई आणि बाळाचा सूर एकमेकांशी जुळलेला असतो तो जेमतेम एक तृतीयांश वेळ. बाकीचा वेळ चुकतं, मग जुळवून घेतलं जातं. लेकराला भूक लागलीय आणि तुम्ही लंगोट बदलत बसलात. मग कळलं, पाजलं, झालं. बिनसलेलं पुन्हा जुळतं, हा अनुभवही त्याला लागतो. चोवीस तास हजर राहणारी आई कुठंच नसते, आणि तशी कुणी मागितलेलीही नाही.

पडद्याबद्दल थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचना वर्षाच्या आतल्या लेकराला पडदा अजिबात नको म्हणतात. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना दोन वर्षांपर्यंत नको म्हणते. सूट फक्त नातेवाइकांशी अधूनमधून होणाऱ्या व्हिडिओ कॉलला. बाप चाकणला कंपनीत असेल तर तो कॉल जरूर लावा, आणि शेजारी बसून सांगत राहा, "बाबा हसले बघ."

सात ते बारा महिने: परकं माणूस आणि आईचं जाणं

कालपर्यंत कुणाच्याही कडेवर जाणारं लेकरू आठव्या-नवव्या महिन्यात एकदम आईचा पदर धरून बसतं. "चिकट झालंय", "माणूसघाणं झालंय" अशी कुजबुज सुरू होते. खरं तर ही प्रगती आहे. आपलं माणूस आणि परकं माणूस यातला फरक त्याला आता कळतो, आणि डोळ्यांआड गेलेली आई कुठंतरी आहे हेही कळायला लागलेलं असतं, म्हणून तिचं जाणं लागतं.

पाहुणा आला की लेकरू त्याच्या हातात कोंबू नका. पाहुण्यानं खाली बसावं, लेकराकडं टक लावून बघू नये, आधी आईशी बोलावं. मग एखादी वाटी-चमचा मधे ठेवावा. लेकरू आईकडं बघेल, वाटीकडं बघेल, पुन्हा आईकडं बघेल. आईनं मान हलवली की हात पुढं जाईल. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. जावळाला हमखास उलटं होतं: आयुष्यात पहिल्यांदा बघितलेल्या मामाच्या मांडीवर लेकरू, समोर वस्तरा घेतलेला परका माणूस, भोवती पन्नास बायका. मामाला आदल्या दिवशी मुक्कामाला बोलवा, दोन वेळा त्याच्या हातून खेळवा, आणि जावळाच्या वेळी आईला समोर बसवा. मान मामाचाच राहील.

लेकरू आईच्या तोंडाकडं का बघतं, यावरचा १९८५ मधला एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. वर्षाच्या बाळांना काचेच्या टेबलावर ठेवलं, खाली खोलगट असल्याचा भास. पलीकडून आईनं हसरा चेहरा केला तेव्हा बहुतेक बाळं रांगत पुढं गेली. भ्यालेला चेहरा केला तेव्हा एकही गेलं नाही. म्हणजे या वयात तुमचा चेहरा हीच त्याची खबर. लेकरू पडलं की "आई गं!" म्हणून किंकाळी फोडली तर लागण्यापेक्षा किंकाळीनंच ते जास्त रडतं. "मुंगी मेली" म्हणून उडवून लावणं किंवा जमिनीला "हात रे" करून मारणं, दोन्हींत लेकराला काय झालं ते राहूनच जातं. जवळ घ्या, "लागलं ना? दुखायलंय ना?" म्हणा, लागल्या जागी फुंकर घाला. दुखण्याला, भीतीला, रागाला शब्द आहेत हे त्याला बोलता यायच्या आधीच ऐकू येऊ द्या. बुवा, पोलीस, सुईवाला डॉक्टर यांची भीती घालणं मात्र पूर्ण बंद.

बाहेर जाताना चोरून जायचं नाही. लेकराला खेळात गुंतवून मागच्या दारानं सटकलं की त्या दिवशी रडणं वाचतं, पण दुसऱ्या दिवसापासून ते तुम्हाला नजरेआड होऊ देत नाही. ज्याच्याजवळ ठेवायचं त्याच्या कडेवर द्या, "येते हं मी" म्हणा, हात हलवा, निघा. रेंगाळू नका. परत आल्यावर आधी लेकराला घ्या, पिशव्या नंतर. पदराआडचं "भ्वॉ" ही याचीच रंगीत तालीम आहे.

शेत, ऊसतोड आणि लेकरू

बीड, धाराशिव, जालन्याकडची हजारो कुटुंबं दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्यांच्यापुढं वरचं सगळं वाचून दाखवणं सोपं, करणं अवघड. थंडीतल्या पहाटे फडात जाणाऱ्या आईला उपदेश करायचा मला अधिकार नाही. लेकरं सांभाळायची सोय करणं हे मुकादमाचं आणि कारखान्याचं काम आहे आणि ते त्यांच्याकडूनच मागायला हवं. तोवर काय जमेल, ते लिहिते.

लेकरू सोबत नेत असाल तर चार-पाच कोप्यांनी (झोपड्यांनी) मिळून एक मोठी, जाणती बाई ठरवा, आणि रोज तीच राहू द्या. आळीपाळीनं रोज नवी बाई म्हणजे लेकराला रोज नवं माणूस. आठ वर्षांच्या बहिणीवर हे टाकू नका. तिचीही शाळा बुडते आणि लेकरू धोक्यात राहतं. फडात पाजायला बसलात की ती पंधरा मिनिटं लेकराची. बाकीचा दिवस हातातून गेला तरी तेवढ्यात बघणं, बोलणं, हसणं होऊन जातं.

वरचं खाऊ लागलेलं लेकरू आजीजवळ गावात ठेवून जाणार असाल तर निघायच्या दोन-तीन आठवडे आधी भरवणं, न्हाऊ घालणं, झोपवणं आजीकडं द्या, तुम्ही शेजारी बसा. मग तुम्ही तासभर बाहेर जा, मग अर्धा दिवस. जाताना अंगावरचं, न धुतलेलं एक लुगडं ठेवून जा. वासाची ओळख मोठी असते. लेकराला एकाहून जास्त माणसांचा जिव्हाळा लागू शकतो. आजीचा लागला म्हणून आईचा तुटत नाही.

परत येताना मात्र मनाची तयारी ठेवा. बरेच महिने लांब राहिलेली आई समोर आली की लेकरू धावत येईल असं वाटतं, आणि ते आजीच्या मागं लपतं, तोंड फिरवतं. बोल्बी आणि त्याचा सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी दवाखान्यात आईविना राहिलेल्या लहान मुलांत हेच पाहिलं होतं: आधी आकांत, मग उदासी, मग आईलाच परकी धरणं. तेव्हा ओढून घेऊ नका. "आईला विसरलं गं" असं शेजारणींना म्हणू देऊ नका. आजीच्या शेजारी बसा, आजीच्या हातून घास जात असेल तर ताट तुम्ही धरा. काही लेकरं दोन दिवसांत येतात, काहींना आठवडे लागतात. आल्यावर पुष्कळदा रागही काढतात, चावतात, रात्री चिकटून झोपतात. ते सोसा.

आईचं मन

बाळंतपणानंतर पहिल्या पंधरवड्यात उगाच रडू येणं सर्रास असतं आणि ओसरतं. पण दोन आठवड्यांच्या पुढंही उदास वाटणं, लेकरू झोपलं तरी झोप न येणं, लेकराबद्दल काहीच न वाटणं, स्वतःचं किंवा लेकराचं बरं-वाईट करावं असे विचार येणं, हा आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. अशी आई लेकराला त्याची बोलायची पाळी देऊ शकत नाही, आणि दोष तिचा नसतो. "दुसरीबी पोरगीच" म्हणून खोलीत अबोला धरणाऱ्या घराचा मात्र असतो. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या वयात हजार मुलांमागं ८०७ मुली होत्या; तो अबोला पाळण्यातल्या पोरीपर्यंत आईच्या चेहऱ्यावरून पोचतो. टेलि-मानस या मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. बरं-वाईट करायचे विचार येत असतील तर आईला एकटी ठेवू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

नवऱ्यानं करायची दोन कामं: रात्रीची एक जाग स्वतःकडं घ्यायची, आणि "हाताची सवय लागंल" म्हणणाऱ्या पाहुण्यांना बायकोच्या वतीनं उत्तर द्यायचं.

कधी दाखवायचं

तीन महिन्यांपर्यंत चेहरा बघून हसत नसेल; सहा महिन्यांपर्यंत आवाजाकडं वळत नसेल किंवा खळखळून हसत नसेल; नऊ महिन्यांपर्यंत आवाज-हसण्याची देवाणघेवाण नसेल; वर्षापर्यंत बा-बा, दा-दा असे आवाज, बोट दाखवणं, टाटा करणं यातलं काहीच नसेल; किंवा आलेलं कौशल्य कोणत्याही वयात गेलं, तर वाट बघू नका. "बाप बी उशिराच बोलला होता" हे ऐकून सहा महिने जातात. नात्यातलं लग्न असेल तर ऐकण्याची तपासणी आधीच करून घ्या, कारण अशा घरांत जन्मजात बहिरेपणाची शक्यता वाढते.

दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात, पुढं तीन महिन्यांपासून सव्वा वर्षापर्यंत दर तिमाहीला. त्यांना वजनासोबत हेही विचारा. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा येतं आणि गरज पडली तर पुढं जिल्हा पातळीवरच्या केंद्राकडं पाठवतं. जाताना माता-बाल संरक्षण कार्ड न्या, घरी जे दिसलं ते तारखेसह लिहून न्या, आणि फोनवर लेकराचं एक-दोन मिनिटांचं चित्रीकरण करून ठेवा, कारण दवाखान्यात पोचेपर्यंत लेकरू एकतर झोपलेलं असतं नाहीतर नुसतं रडत असतं, आणि डॉक्टरांना हवं ते दिसतच नाही.